राख पिथमपूरला, विष भोपाळमध्येच

१ जानेवारी २०२५ च्या रात्री भोपाळमधील युनियन कार्बाइडच्या बंद कारखान्याच्या फाटकातून बारा बंदिस्त कंटेनर बाहेर पडले. सीहोर, देवास, इंदूर असा सुमारे अडीचशे किलोमीटरचा रस्ता त्यांच्यासाठी मोकळा ठेवण्यात आला होता. एखाद्या राष्ट्रप्रमुखाला लाभावा तसा पोलिस बंदोबस्त दिमतीला होता. फरक इतकाच की या पाहुण्याचे स्वागत करायला कोणीही उत्सुक नव्हते. ताफा धार जिल्ह्यातील पिथमपूर या औद्योगिक नगरीत पोहोचला आणि दुसऱ्याच दिवशी, ३ जानेवारीला, गाव रस्त्यावर आले. दोन आंदोलकांनी स्वतःला पेटवून घेण्याचा प्रयत्न केला. कंटेनरमध्ये होता ३३७ टन विषारी कचरा, जो गोळा करून पोत्यांत आणि पिंपांत भरण्यास २००५ साली सुरुवात झाली होती. कारखान्याच्या गोदामातून तो उचलायला वीस वर्षे लागली, आणि तोही उचलला गेला तो मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने ३ डिसेंबर २०२४ रोजी चार आठवड्यांची मुदत घालून दिल्यानंतर.

पुढचा भाग त्या मानाने सुरळीत पार पडला. उच्च न्यायालयाच्या परवानगीने फेब्रुवारी-मार्च २०२५ मध्ये तीन टप्प्यांत ३० टन कचऱ्याची चाचणी झाली. ताशी १३५ किलोपासून सुरुवात करून ताशी २७० किलोपर्यंत भट्टीचा वेग वाढवण्यात आला. सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेपास नकार दिला. उरलेला ३०७ टन कचरा ५ मे रोजी भट्टीत जाऊ लागला आणि ३० जूनच्या पहाटे शेवटचा हप्ता जळून गेला. केंद्राने या कामासाठी १२६ कोटी रुपये दिले होते, म्हणजे टनामागे सुमारे ३७ लाख रुपये. भोपाळच्या माथ्यावरचा डाग पुसला गेल्याची भाषा राज्यकर्त्यांच्या तोंडी आली. वायुदुर्घटनेच्या चाळिसाव्या वर्षी ती ऐकायला बरी वाटली, यात नवल नाही.

मात्र जळले काय आणि उरले काय, हे तपासल्याशिवाय ही भाषा स्वीकारता येत नाही. ३३७ टनांपैकी १६२ टन ही कारखान्याच्या आवारातून खणून काढलेली माती होती. ९२ टन सेव्हिन हे कीटकनाशक आणि नॅफ्थॉल यांचा अवशेष, ५४ टन अर्धवट तयार झालेली कीटकनाशके आणि २९ टन रिअ‍ॅक्टरमधला गाळ, असा बाकीचा हिशोब. ही माती आली त्याच आवारात आणि त्याच्या उत्तरेकडील तळ्यांच्या परिसरात आणखी किती दूषित माती आहे, याचे उत्तर सरकारच्याच दोन संस्थांनी २०१० साली देऊन ठेवले आहे. नागपूरची राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे ‘नीरी’, आणि हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था यांच्या अंदाजानुसार शुद्धीकरणाची गरज असलेली माती सुमारे ११ लाख टन आहे. त्या तुलनेत भट्टीत गेलेला कचरा एक टक्काही नाही; टक्क्याच्या शंभर भागांपैकी जेमतेम तीन भाग. अर्थात पोत्यांतील कचरा अधिक तीव्र होता आणि त्याची विल्हेवाट आधी लागणे योग्यच होते. परंतु घराची ओसरी झाडून वाडा स्वच्छ झाल्याची दवंडी पिटण्यासारखा हा प्रकार आहे.

जळलेल्याचीही गंमत अशी की ते कमी झाले नाही, वाढले. भस्मीकरणात निर्माण होणारे आम्लधर्मी वायू शमवण्यासाठी चुना मिसळावा लागतो. पारा, शिसे यांसारखे धातू तर कोणत्याच भट्टीत जळून नाहीसे होत नाहीत, ते राखेत उतरतात किंवा वायूबरोबर जातात आणि तेथे पुन्हा पकडावे लागतात. त्यामुळे ३३७ टनांच्या दहनानंतर ८०० टनांहून अधिक राख आणि अवशेष हाती आले. त्यांचे काय करायचे, हा नवा प्रश्न.

भोपाळच्या या दुसऱ्या प्रश्नाविषयी दिल्लीत नेहमीच एक गल्लत होत आली आहे. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री मिथाइल आयसोसायनेट वायू सुटला आणि हजारो माणसे मेली, त्या घटनेने माती नासली असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः वायू आला आणि गेला. माती आणि पाणी नासले ते त्याआधीच्या पंधरा वर्षांत, कारखाना रीतसर चालू असताना. १९६९ मध्ये सुरू झालेल्या या कारखान्याने आपला घन कचरा आवारातच ठिकठिकाणी टाकला. १९७७ पासून सांडपाणी कारखान्याबाहेर बांधलेल्या बाष्पीभवन तळ्यांत सोडले जाऊ लागले. ही तळी गळत असल्याची नोंद १९८२ मधील कंपनीच्या अंतर्गत पत्रव्यवहारातही आहे. म्हणजे वायुकांडाच्या दोन वर्षे आधी, ज्यांना ठाऊक असायला हवे त्यांना ते ठाऊक होते. कारखाना कायमचा थांबल्यावर दर पावसाळ्याने आपले काम केले. क्लोरीनयुक्त सेंद्रिय रसायने आणि कीटकनाशकांचे अंश झिरपत भूजलात उतरले आणि भिंतीपलीकडच्या वस्त्यांच्या हातपंपांतून वर आले. या वस्त्यांना नळाने शुद्ध पाणी द्यावे, असे आदेश सर्वोच्च न्यायालयाला वारंवार द्यावे लागले. तेव्हा २२ वस्त्यांची चर्चा होती. २०१८ पर्यंत लखनौच्या भारतीय विषशास्त्र संशोधन संस्थेच्या तपासणीतून हा आकडा ४२ वर गेला. कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाईपर्यंत विष एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीत गेले होते.

तोवर कचऱ्याचा प्रवास नकाशावर चालूच होता. २००४ साली उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली आणि कचरा हटवण्याचे आदेश निघू लागले. प्रथम गुजरातमधील अंकलेश्वरची भट्टी निवडली गेली. आधी तयारी दाखवलेल्या गुजरातने २००७ मध्ये माघार घेतली. २००८ मध्ये सुमारे ४० टन चुनायुक्त गाळ फारसा गाजावाजा न करता पिथमपूरला नेऊन पुरण्यात आला. २००९ मध्ये तत्कालीन पर्यावरण राज्यमंत्री जयराम रमेश यांनी भोपाळच्या भेटीत कारखान्यातील कचरा हातात घेऊन आपल्याला काही झाले नाही असे दाखवले, आणि नंतर त्याबद्दल दिलगिरीही व्यक्त केली. २०१० मध्ये आरोपींना जेमतेम दोन वर्षांची शिक्षा झाल्याने देशभर संताप उसळला. पी. चिदंबरम यांच्या अध्यक्षतेखालील मंत्रिगटाने घाईघाईने बैठका घेतल्या आणि जागेच्या शुद्धीकरणाचा विषय पुन्हा कार्यक्रमपत्रिकेवर आला. त्यातून २०११ मध्ये कचरा नागपूरजवळील संरक्षण संशोधन संस्थेच्या भट्टीत पाठवण्याचे ठरले.

येथे मराठी वाचकाने क्षणभर थांबायला हवे. भोपाळच्या जमिनीचे परीक्षण ज्या संस्थेने अनेक वर्षे केले ती ‘नीरी’ नागपूरची. हा कचरा किती घातक आहे हे देशात सर्वाधिक ठाऊक असलेले शहर कोणते, तर तेही नागपूरच. कदाचित म्हणूनच नागपूरने त्याला ठाम नकार दिला. महाराष्ट्र सरकार आणि राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ विरोधात उभे राहिले, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेले आणि तेथे स्थगिती मिळाली. विदर्भातल्या सर्वपक्षीय पुढाऱ्यांचे एखाद्या प्रश्नावर इतके एकमत क्वचितच होते. हा नकार चुकीचा होता असे म्हणता येणार नाही. ज्या भट्टीची क्षमता आणि सुरक्षितता यांविषयी लोकांना विश्वासात घेतले गेले नाही, ती आपल्या शिवारात पेटू न देण्याचा हक्क लोकांना आहे. पण मग तोच हक्क पिथमपूरलगतच्या तारापुरा गावाला का नाही, या प्रश्नाचे उत्तर अंकलेश्वरकडेही नाही आणि नागपूरकडेही नाही. इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांनी न्यायालयात धाव घेतली ती पिथमपूरकडून वाहत येणाऱ्या पाण्याचा संबंध इंदूरला पाणी पुरवणाऱ्या यशवंत सागराशी आहे म्हणून. होळकरांच्या या शहरात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मराठी कुटुंबांना २०२५ मध्ये जी भीती वाटली, ती २०११ मधल्या नागपूरकरांच्या भीतीहून वेगळी नव्हती.

नागपूरनंतर जर्मनी. २०१२ च्या जूनमध्ये मंत्रिगटाने कचरा विमानाने जर्मनीला पाठवण्यास मंजुरी दिली. खर्च सुमारे २५ कोटी रुपये. तेथील जनमत बिथरले आणि सप्टेंबरमध्ये संबंधित जर्मन संस्थेने अंग काढून घेतले. बारा वर्षांनंतर तेच काम देशातच पाचपट खर्चात झाले. त्यातला काही भाग महागाईचा असेल, पण बराचसा निर्णय न घेण्याचा आहे. वर्षानुवर्षे निर्णय लांबवणे हे शासनव्यवहारात बिनखर्चाचे मानले जाते, आणि लेखापरीक्षणातही त्या विलंबाचा हिशोब क्वचितच मांडला जातो.

या सगळ्या भटकंतीत एक प्रश्न मात्र कोठेच नीट विचारला गेला नाही. कचरा कोठे न्यायचा, यावर वीस वर्षे वाद झाला. तो कोणाचा, यावर निकाल लागलाच नाही.

मालकीची साखळी अशी आहे. १९८९ च्या फेब्रुवारीत ४७ कोटी डॉलरचा समझोता झाला तो वायुपीडितांच्या भरपाईचा. जमिनीच्या शुद्धीकरणाची वेगळी तरतूद त्यात नव्हती. १९९४ मध्ये अमेरिकी कंपनीने भारतीय कंपनीतील आपले समभाग विकले आणि तिचे नाव बदलून एव्हरेडी इंडस्ट्रीज झाले. १९९८ मध्ये भाडेपट्ट्याची जमीन मध्य प्रदेश सरकारने परत ताब्यात घेतली. २००१ मध्ये मूळ अमेरिकी युनियन कार्बाइड कंपनी डाऊ केमिकलने संपूर्णपणे विकत घेतली. केंद्राच्या रसायन व खते मंत्रालयाने २००५ मध्ये उच्च न्यायालयात अर्ज करून डाऊकडून शुद्धीकरणासाठी १०० कोटी रुपयांची आगाऊ अनामत मागितली. डाऊची भूमिका ठरलेली होती: हा कारखाना आपण कधी चालवला नाही, त्याचे मालकही नव्हतो, त्यामुळे देणे लागत नाही. हीच डाऊ कंपनी अमेरिकेतील युनियन कार्बाइडच्या जुन्या अ‍ॅस्बेस्टॉस दाव्यांसाठी २००२ च्या हिशोबात २.२ अब्ज डॉलरचा भार धरत होती. म्हणजे वारसा अमेरिकेत लागू होत होता आणि हिंदी महासागर ओलांडला की संपत होता. अमेरिकेतील न्यायालयांनीही २०१६ पर्यंत भोपाळच्या पाणीपीडितांचे दावे फेटाळून लावले, ते कारखाना आणि त्याचा कचरा ही भारतीय उपकंपनीची जबाबदारी होती, मूळ कंपनीची नव्हे, या आधारावर.

डाऊला दोष देणे सोपे आहे आणि रास्तही आहे. पण त्याच काळात दिल्लीतील सत्तावर्तुळात डाऊला या अडचणीतून सोडवून तिची गुंतवणूक भारतात यावी, यासाठी शुद्धीकरणाचा खर्च भारतीय उद्योगांच्या निधीतून करण्याची सूचना फिरत होती, हे माहितीच्या अधिकारात बाहेर आलेल्या पत्रव्यवहारातून पुढे दिसले. एका मंत्रालयाने न्यायालयात अनामत मागायची आणि दुसऱ्या टेबलावर ती माफ कशी करता येईल याचा विचार व्हायचा, म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. आणि जमीनमालकाचे काय? १९९८ मध्ये राज्य सरकारने सुमारे ६७ एकरांचा हा तुकडा परत घेतला तेव्हा आधी जमीन शुद्ध करा, मग ताबा घेतो, एवढी अट निर्णायकपणे पाळायला लावली असती, तर पुढची पंचवीस वर्षे वेगळी गेली असती. भाड्याचे घर सोडणाऱ्या बिऱ्हाडकरूकडून घरमालक निदान भिंतींचा रंग मागतो. येथे राज्याने जमीन विषासह परत घेतली. त्यानंतर राज्यात काँग्रेसची आणि भाजपची सरकारे आली, केंद्रातही आली-गेली. आंदोलकांनी दर ३ डिसेंबरला मोर्चा काढला, सभागृहांत श्रद्धांजली वाहिली गेली आणि घोंगडे भिजत राहिले.

केंद्राने २०१० मध्ये दाखल केलेली उपचारात्मक याचिका हा शेवटचा मोठा प्रयत्न होता. तीत आणखी ७,८०० कोटी रुपयांहून अधिक रकमेची मागणी होती. पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने १४ मार्च २०२३ रोजी ती फेटाळली. दोन दशकांनंतर समझोता उघडण्यास पुरेसा आधार नाही, असे म्हणतानाच न्यायालयाने पीडितांसाठी विमा न उतरवण्याच्या सरकारी ढिलाईवरही बोट ठेवले. यानंतर कंपनीकडून पैसे मिळवण्याचा भारतातील मोठा दरवाजा जवळपास बंद झाला. पिथमपूरच्या भट्टीवरचे १२६ कोटी हे त्यामुळेच भारतीय करदात्याचे आहेत.

भारतीय कायद्यात तत्त्वाची उणीव नाही. दिल्लीतल्याच श्रीराम कारखान्यातून डिसेंबर १९८५ मध्ये ओलियम वायूची गळती झाली आणि त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने धोकादायक उद्योगाची जबाबदारी निरपवाद असते, हा सिद्धांत १९८६ मध्ये मांडला. ‘प्रदूषण करणाऱ्याने भरावे’ हे सूत्र १९९६ च्या बिछडी निकालाने रुजवले. उदयपूरजवळच्या या गावात काही रासायनिक कारखान्यांनी विषारी गाळ उघड्यावर टाकून विहिरींचे पाणी लालसर-तपकिरी करून सोडले होते. कारखाने बंद झाले, गाळ राहिला. न्यायालयाने खर्च कंपनीवर टाकला. परंतु सुमारे ३७ कोटींची ती रक्कम चक्रवाढ व्याजासह भरा, असा आदेश पुन्हा देण्यासाठी २०११ साल उजाडावे लागले. पंधरा वर्षे कंपनी अर्ज करत राहिली आणि विहिरी वाट पाहत राहिल्या. कोडाईकनालमध्ये मात्र वेगळे घडले. हिंदुस्थान लिव्हरचा थर्मामीटर कारखाना २००१ मध्ये बंद पडल्यावर दोन वर्षांत सुमारे २९० टन पारायुक्त कचरा अमेरिकेला परत पाठवला गेला. तेथील मातीच्या शुद्धीकरणाचे मानक काय असावे, यावर पुढे बरीच वर्षे वाद चालला आणि तो अनाठायी नव्हता. पण निदान ज्याचा कचरा त्याच्या दारात उभे राहता आले, कारण कंपनी जिवंत होती, भारतात साबण विकत होती आणि तिला आपल्या नावाची काळजी होती. प्रदूषण करणारा सापडेपर्यंत आणि त्याच्या खिशात पैसे असेपर्यंत हे तत्त्व चालते. तो पसार झाला, दिवाळखोर झाला किंवा नाव बदलून बसला, तर भोपाळ होते.

या पार्श्वभूमीवर केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने जुलै २०२५ मध्ये प्रदूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले, ही घटना जितकी महत्त्वाची तितकीच दुर्लक्षित राहिली. नियम निघाले तेव्हा देशात अशा १०३ जागा ओळखण्यात आल्या होत्या आणि त्यांपैकी केवळ ७ ठिकाणी शुद्धीकरणाला हात लागला होता. तमिळनाडूतील राणीपेट येथे क्रोमियमचे संयुग बनवणारा कारखाना १९९० च्या दशकात बंद झाला आणि दीड लाख टनांच्या घरातला गाळ मागे सोडून गेला. कानपूरलगतच्या रनिया भागात क्रोमियमचा कचरा १९७६ पासून पडून होता आणि हातपंपांतून पिवळे पाणी येत होते. अशा जागांसाठी आजवर स्वतंत्र कायदेशीर चौकटच नव्हती. आता जिल्हा प्रशासनाने संशयित जागांचा अहवाल दर सहा महिन्यांनी द्यायचा, राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, आणखी तीन महिन्यांत सविस्तर पाहणी, मग तज्ज्ञ संस्थेने शुद्धीकरणाचा आराखडा आखायचा आणि मंडळाने ९० दिवसांत जबाबदार कोण ते ठरवायचे, अशी साखळी घालून देण्यात आली आहे. जबाबदार सापडला तर खर्च त्याचा. सापडला नाही किंवा तो भरू शकत नसला, तर केंद्र आणि राज्याचा.

चौकट आली, ही स्वागतार्ह गोष्ट. पण तिचे वाचन केल्यावर लक्षात येते की तपासाला मुदत आहे, आराखड्याला आहे, दोषी शोधायला आहे; प्रत्यक्ष जमीन स्वच्छ करून संपवायला मात्र नाही. जिल्हाधिकारी कार्यालयात ज्यांनी उमेदवारी केली आहे त्यांना याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. अहवाल वेळेत जातील, कारण त्यांना तारीख आहे. माती तेथेच राहील.

दुसरी उणीव पैशाची, आणि ती अधिक मूलभूत आहे. हे नियम पर्यावरण संरक्षण अधिनियम, १९८६ खाली निघाले. तो अधिनियमही भोपाळनंतरच आला होता. नियम संसदेच्या पटलावर ठेवले जातात. त्यांवर चर्चा झालीच पाहिजे असे नसते आणि सहसा होतही नाही. घटनेच्या २६५ व्या अनुच्छेदानुसार कायद्याच्या आधाराशिवाय कर बसवता येत नाही. त्यामुळे मंत्रालयाने कितीही मनावर घेतले, तरी नियमांतून बेवारस विषासाठी कायमचा निधी उभा राहू शकत नाही. अमेरिकेने १९८० मध्ये लव्ह कॅनॉलच्या प्रकरणानंतर ‘सुपरफंड’ कायदा केला तो नेमका या ठिकाणी वेगळा होता. रसायन आणि तेल उद्योगांवर कर बसवून तो पैसा बेवारस जागांसाठी राखला गेला आणि जमिनीच्या सध्याच्या मालकालाही जबाबदार धरण्यात आले. (तो निकष भोपाळला लावला तर पहिली नोटीस मध्य प्रदेश सरकारला निघेल.) १९९५ मध्ये तो कर संपला तेव्हा निधी आटत गेला, कामाचा भार सर्वसाधारण अर्थसंकल्पावर आला, आणि रसायनांवरील कर २०२१ मध्ये कायद्याने पुन्हा आणावा लागला. म्हणजे ती व्यवस्थाही आदर्श नाही. पण तेथे कर आणि काम यांचा संबंध कायदेमंडळाने जोडला होता आणि तोडलाही कायदेमंडळानेच.

भारतात असा उपकर नव्हता असे नाही. २०१० च्या अर्थसंकल्पात कोळशावर टनामागे ५० रुपयांचा स्वच्छ ऊर्जा उपकर आला. २०१६ पर्यंत तो ४०० रुपयांवर गेला. त्यातून उभ्या राहणाऱ्या राष्ट्रीय स्वच्छ ऊर्जा निधीतून रसायनांनी नासलेल्या जागांच्या शुद्धीकरणाचे आराखडे करण्याचाही विचार झाला होता. २०१७ पर्यंत सुमारे ८६ हजार कोटी रुपये गोळा झाले. निधीत त्यातले सुमारे ३० हजार कोटीच पोहोचले आणि प्रकल्पांसाठी जेमतेम १६ हजार कोटी दिले गेले. पुढे वस्तू आणि सेवा कर आला, उपकर रद्द झाला आणि उरलेली रक्कम राज्यांच्या महसुली तुटीच्या भरपाईकडे वळली. वड्याचे तेल वांग्यावर काढण्याची ही रीत अर्थ मंत्रालयाला नवी नाही. मात्र या वड्याखाली राणीपेट आणि रनियासारखी गावे होती.

त्यातच २०२३ च्या जनविश्वास कायद्याने पर्यावरण संरक्षण अधिनियमातील कैदेची शिक्षा काढून तिच्या जागी दहा हजार ते पंधरा लाख रुपयांपर्यंतचा दंड ठेवला. क्षुल्लक त्रुटींसाठी उद्योजकाला तुरुंगात धाडू नये, हा युक्तिवाद काही बाबतींत पटण्यासारखा आहे. परंतु ज्या जमिनीच्या शुद्धीकरणाला शेकडो कोटी लागतात, तेथे पंधरा लाखांचा कमाल दंड हा धाक नसून दरपत्रक ठरतो. दंडाची रक्कम ज्या पर्यावरण संरक्षण निधीत जमा होणार, त्यातून १०३ जागा स्वच्छ होतील असा हिशोब कोणीही गांभीर्याने मांडू शकणार नाही.

म्हणून हा विषय मंत्रालयाच्या अधिसूचनेतून बाहेर काढून संसदेत नेणे आवश्यक आहे. धोकादायक रसायनांच्या उत्पादनावर वेगळा, दुसरीकडे न वळवता येणारा उपकर. कारखाना बंद होताना जमीन स्वच्छ असल्याचे प्रमाणपत्र मिळाल्याशिवाय विक्री, हस्तांतर किंवा भाडेपट्टा संपुष्टात आणण्यास मनाई. कंपनीचे नाव किंवा मालक बदलला तरी जमिनीचे देणे नव्या मालकाकडे जाईल अशी स्पष्ट तरतूद. आणि परक्या राज्याचा कचरा आपल्या भूमीवर घेणाऱ्या गावासाठी आरोग्य तपासणीची दीर्घकालीन हमी, एवढ्या चार गोष्टी कायद्यात आल्या तरी पुष्कळ होईल. यातली दुसरी गोष्ट महाराष्ट्रासाठी सर्वांत निकडीची आहे. मे २०२४ मधील डोंबिवलीच्या भीषण स्फोटानंतर निवासी वस्तीला खेटून असलेले धोकादायक कारखाने हलवण्याची घोषणा झाली. कारखाने जातील तेव्हा त्यांच्या जागी काय उभे राहणार, हे मुंबई आणि ठाण्याच्या जमिनीचे भाव ज्यांना ठाऊक आहेत त्यांना सांगायला नको. त्या जमिनीच्या पोटात काय आहे, ते पाया खणण्यापूर्वी कोण तपासणार, याविषयी मात्र कोणी बोलत नाही.

भोपाळपुरते बोलायचे तर ३३७ टनांच्या यशाचा उपयोग पुढील कामासाठी करून घेता येईल. भट्टी चालू असताना धुराड्यातील वायूंच्या मोजमापांचे तपशील न्यायालयापुढे आले, लोकांच्या शंकांची निदान नोंद झाली. हीच शिस्त ११ लाख टन मातीला लावायची, तर ‘नीरी’चा पंधरा वर्षांपूर्वीचा अंदाज जुना झाला आहे. तळ्यांच्या जागेसह संपूर्ण परिसराची नव्याने खोलवर तपासणी, दूषित भूजलाचा प्रवाह रोखण्याचे उपाय आणि वर्षवार कालपत्रक असलेला आराखडा हवा. ही सगळी माती भट्टीत घालणे शक्यही नाही आणि शहाणपणाचेही नाही. बराचसा भाग जागेवरच बंदिस्त करावा लागेल, काही ठिकाणी रासायनिक किंवा जैविक प्रक्रिया करावी लागेल. कारखान्याच्या जागी स्मारक उभारण्याच्या योजना अनेक वर्षे चर्चेत आहेत. त्या स्मारकाखालची माती कोणत्या अवस्थेत असावी, हे आधी ठरले पाहिजे.

तूर्त चर्चा राखेचीच आहे. पिथमपूरच्या त्याच आवारात बंदिस्त खड्डा करून ती पुरायची, असा राज्य सरकारचा प्रस्ताव होता. तो खड्डा वस्तीपासून सुमारे पाचशे मीटरवर येत होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने हा प्रस्ताव नाकारला आणि माणसांच्या वस्तीपासून दूर असलेल्या पर्यायी जागांचा विचार करण्यास सरकारला सांगितले.